भवानीनगर ते पंढरपूर: चाळिशीनंतर पुन्हा सायकलवर

बारामती-इंदापूर पट्ट्यात आज जी माणसं पंचेचाळीस-पन्नाशीच्या घरात आहेत, त्यांना सायकल शिकवावी लागत नाही. मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून, मग सीटवर, अशी ती शिकलेली आहेत. शाळा सायकलवर, डेअरीला दूध सायकलवर, छत्रपती साखर कारखान्याची पाळी सायकलवर. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. आता वीस-पंचवीस वर्षांनी त्यातली बरीच माणसं पुन्हा सायकलकडे वळताहेत. कुणाला डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवलाय, कुणाच्या मुलाने गिअरची सायकल घेऊन दोन महिन्यांत सोडून दिलीय, तर कुणी जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरचे परदेशी सायकलपटू बारामतीच्या रस्त्यावरून जाताना पाहिलेत. आणि महिना-दोन महिने सणसर, काटेवाडी अशा चकरा झाल्या की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: एका दिवसात पंढरपूर होईल का?

प्रश्न या भागातलाच आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, मग सराटीला नीरा ओलांडून अकलूज. आता हाच पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज मार्ग ९६५ जी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद होतोय. भवानीनगरपासून पंढरपूर शंभर ते एकशेदहा किलोमीटर. घाट नाही, मोठा चढ नाही, उलट बारामतीपासून पंढरपूरपर्यंत जमीन हळूहळू उतरतच जाते. म्हणजे नकाशावर पाहिलं तर हा सगळ्यात सोपा लांब पल्ला वाटावा.

माझं म्हणणं असं की पुन्हा सायकलवर येणाऱ्या माणसासाठी हाच सपाटपणा सगळ्यात अवघड असतो, आणि तयारी त्याच्याच हिशेबाने करायला हवी. दम फार लवकर परत येतो. बैठक परत यायला महिने लागतात.

दमाचं आधी पाहू, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. अमेरिकेतले शरीरक्रिया शास्त्रज्ञ एडवर्ड कॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चांगली तयारी असलेल्या खेळाडूंचा सराव त्यांनी पूर्ण थांबवला आणि त्यांची क्षमता कशी घसरते ते मोजलं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्क्यांनी उतरली, आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. पहिली घसरण इतकी झटपट होते त्याचं मोठं कारण रक्तातला द्रवाचा भाग कमी होणं. सराव सुरू केला की हा भाग काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत पुन्हा वाढतो. म्हणून पंचवीस वर्षांनी सायकल काढलेल्या माणसालाही पहिल्या महिन्यातच फरक जाणवतो. धाप कमी होते, सणसरच्या पुढे जावंसं वाटतं, आणि इथेच फसगत होते. फुप्फुसं आणि हृदय हो म्हणतात, मांडीचे स्नायूही साथ देतात, पण गुडघ्याभोवतालचे कंडरे, मनगटं, मान आणि बूड यांना अजून कुणी विचारलेलंच नसतं. कंडऱ्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते स्नायूंपेक्षा बरेच सावकाश बळकट होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गुडघा धरून सायकल सोडणारी माणसं बहुतेक याच फटीत सापडलेली असतात.

घाटाच्या रस्त्यावर माणूस चढाला सीटवरून उठतो आणि उताराला पायडल न मारता नुसता बसतो. शरीराची ठेवण सारखी बदलत राहते. भवानीनगर ते इंदापूर या रस्त्यावर तसं काहीच होत नाही. एका गिअरमध्ये, एका वाकात, त्याच हाडांवर तासन् तास बसून पायडल मारत राहावं लागतं. म्हणून इथल्या माणसाने घाटाची धास्ती घेण्यापेक्षा सलग पाच-सहा तास बसायची सवय करावी. ही सवय एका रविवारी साठ किलोमीटर हाणून येत नाही. आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास बसल्याने येते. महिन्यातून दोन रविवार जीव तोडून चालवणारा आणि रोज सकाळी बेलवाडीपर्यंत जाऊन येणारा यांच्यात पंढरपूरला हसत उतरणारा दुसरा असतो.

सीटबद्दल बाजारात जो सल्ला मिळतो तो बहुधा उलटा असतो. दुकानदार जाड जेलचं कव्हर काढून देतो, कारण गिऱ्हाइकाची तक्रार दुखण्याची असते. अर्ध्या तासाच्या चकरीला ते बरं वाटतंही. पण मऊ गादीत बसण्याची दोन हाडं रुततात आणि भार मधल्या मऊ भागावर, तिथल्या नसांवर येतो. तासाभरात बधिरपणा आला तर ती धोक्याची खूण समजावी, सवय होईल म्हणून दामटू नये. हाडांच्या रुंदीला जुळणारी, जराशी कडक सीट आणि पॅड शिवलेली सायकलिंगची चड्डी ही जोडी लांब पल्ल्याला टिकते. त्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, कारण शिवणच घासते. कातडीला व्हॅसलिन किंवा साधं खोबरेल तेल लावावं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून दहा-वीस फेरे मारावेत, म्हणजे रक्त फिरतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन सुन्न होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दबतेय. हाताची पकड बदलत राहावी, कोपर ताठ ठेवू नये.

सीटची उंची हा सगळा खर्च वाचवणारा भाग आहे आणि त्याला पाच मिनिटं लागतात. सायकल भिंतीला लावा, सीटवर बसा, चप्पल-बूट जे घालून चालवणार तेच पायात असू द्या. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, कंबर मात्र त्या बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर आणलात की गुडघ्यात आपोआप हलकासा वाक येतो. तीच उंची. आपल्याकडे बहुतेकांची सीट दोन-तीन इंच खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवायची जुनी सवय आहे. सीट खाली असेल तर गुडघा पुढून, वाटीच्या बाजूने दुखतो. फार वर असेल तर मागून, लवणीत ओढ बसते. दुखणं कुठे आहे त्यावरून पाना कुठे फिरवायचा ते कळतं.

जुन्या सायकलची आणखी एक सवय अंगात राहिलेली असते. ती वीसेक किलोची, एकाच गिअरची सायकल उभं राहून, जोर लावून, सावकाश रेटायची असायची. गिअरची सायकल हातात आल्यावरही माणूस सगळ्यात जड गिअर टाकून तसाच रेटतो, आणि त्यात बळ आहे असं त्याला वाटतं. गुडघ्यावर त्याचा पूर्ण भार येतो. हलका गिअर टाकून मिनिटाला पंचाहत्तर-ऐंशी फेरे पडतील अशा चालीने पाय फिरवायला शिकणं, ही पुन्हा येणाऱ्याची पहिली शिकवणी असावी. तालमीत घाम गाळलेल्यांना एक गोष्ट फुकट मिळालेली आहे: बैठका आणि सूर्यनमस्कार. आठवड्यातून दोनदा ते चालू ठेवले तर मांड्या आणि पाठ सायकलला उपयोगी पडतात. गुडघा कुरकुरत असेल तर बैठक अर्ध्यावर थांबवावी.

सायकल कोणती घ्यावी यावर बारामतीत जितक्या चर्चा होतात तितकी त्या विषयाची योग्यता नाही. सरळ हँडलची हायब्रीड पुरते. जाड गुंड्यांचे टायर आणि पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल डांबरी रस्त्यावर नुसती ताकद खाते. तळहाताएवढ्या रुंदीचे टायरही नकोत आणि शर्यतीचे बोटभर रुंदीचेही नकोत. बत्तीस-पस्तीस मिलिमीटरचा टायर आपल्या रस्त्यांना योग्य. पैसा वाचत असेल तो सीट, चड्डी, हेल्मेट आणि दिव्यांवर खर्च करावा.

टायरचा मुद्दा इथे खास आहे, कारण हा वेड्या बाभळीचा मुलूख आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता सरावाला फार चांगला. सावली आहे, वाहनं नाहीत. पण तिथे आणि महामार्गाच्या कडेला काटे पसरलेले असतात. काट्याचं पंक्चर काढताना नवखा माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो आणि पुढच्या गावात पुन्हा उतरतो, कारण टायरमधला काटा तसाच असतो. बाहेरून तो मोडलेला असतो, दिसत नाही. आत फक्त त्याचं टोक, मोहरीच्या निम्म्याएवढं, रबरातून वर आलेलं असतं. टायरच्या आतून बोट फिरवलं तर रक्त निघतं, तरी जागा नक्की कळत नाही. कापसाचा बोळा किंवा जुनं सुती फडकं आतून सावकाश फिरवावं. टोकाला धागा अडकतो आणि काटा सापडतो. मग तो नखाने न ओढता बाहेरून दाबून, छोट्या चिमट्याने आतून काढावा. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच-सोल्युशन, छोटा पंप आणि हा चिमटा, एवढं सीटखालच्या पिशवीत बसतं. घरच्या अंगणात एकदा तरी सगळं स्वतःच्या हाताने करून पाहिलेलं असावं, कारण शेळगाव आणि निमगावच्या मधे भर उन्हात ते पहिल्यांदा करणं कठीण.

प्रेरणा देणाऱ्या कहाण्यांची महाराष्ट्रात कमतरता नाही. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीतच, जगाची प्रदक्षिणा सायकलवर घातली. या सगळ्यांचं कौतुक आहेच, पण आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं नाव पुण्याच्या प्रीती मस्के यांचं आहे. दोन मुलांची आई, चाळिशीच्या सुमारास तब्येतीसाठी सायकलकडे वळलेल्या, आणि २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत कापलं. अशा कहाणीतून घ्यायचं ते त्यांनी किती वर्षं रोज पायडल मारलं हे. शेवटचा आकडा तेवढा घेतला तर माणूस दुसऱ्या महिन्यात दीडशे किलोमीटरला निघतो.

आकडाच हवा असेल तर ब्रेव्हेचा घ्यावा. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने कापायची, फ्रान्समधून आलेली ही पद्धत पुण्यासह महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत रुजली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलेले सगळे सारखे. रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. या परंपरेची मोठी यात्रा म्हणजे १८९१ मध्ये सुरू झालेली आणि आता चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १,२०० किलोमीटर नव्वद तासांत. २०० ला साडेतेरा तास म्हणजे चहा, पंक्चर, लघवी सगळं धरून ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. त्याच हिशेबाने भवानीनगरहून पंढरपूर सात-साडेसात तासांचं होतं. उजाडताच निघालं तर दुपारपर्यंत चंद्रभागा. या भागातल्या माणसाला ताशी पंचवीसची स्वप्नं पाडून घ्यायची काही गरज नाही.

सरावाचे टप्पे मी गावांनी मोजतो, किलोमीटरने नाही. पहिला महिना सणसर-बेलवाडी, आठवड्यातून चार दिवस, एका वेळी तासाच्या आत. दुसऱ्या महिन्यात रविवारी लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे असं पुढे पुढे, किंवा वाकडी वाट करून वालचंदनगर. तिसऱ्यात निमगाव केतकी आणि मग इंदापूर जाऊन-येऊन, म्हणजे सत्तरीच्या घरात. दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवावा. दर आठवड्याला दहा टक्के वाढवा हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण अंग आंबलेलं असेल तर वाढ शून्य ठेवण्याचं धैर्य जास्त कामाचं. इंदापूरची फेरी करून दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम करता आलं, तर पंढरपूर आवाक्यात आलं. त्याआधी शंभर किलोमीटर करून पाहायची गरज नसते. घाट अंगाखाली घालायचाच असेल तर शिखर शिंगणापूरची चढण आहे, पण ती चौथ्या महिन्यानंतर.

काळ कोणता निवडावा यावर दोन मतं ऐकू येतात. भाविक मन आषाढ सुचवतं, आणि वाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. जून ते सप्टेंबर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस थोडा आणि पश्चिमेचा वारा जोराचा. जाताना तो पाठीशी असतो, आणि ज्याला आपली चाल आज भलतीच सुधारली असं वाटतं त्याने परतीची आठवण ठेवावी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरचा वारा म्हणजे न दिसणारा घाट. आषाढी वारीचे दिवस मात्र टाळावेत, रस्ता तेव्हा पायी चालणाऱ्यांचा आहे. डिसेंबर-जानेवारीत थंडी सुखाची, वारा मंद आणि बहुधा पूर्वेकडचा, पण तो ऊसतोडीचा हंगाम. मार्च अर्ध्यावर आला की अकरानंतर रस्त्यावर थांबू नये, एप्रिल-मेमध्ये तर लांब पल्ल्याचं नावच काढू नये. मला स्वतःला पाऊस ओसरल्यानंतरचे, गाळप सुरू होण्याआधीचे दिवस सगळ्यात योग्य वाटतात.

खाण्यापिण्यात आपला मुलूख श्रीमंत आहे. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर मध्यम चालीने दोन-तीन तास पुरते. त्यानंतर पाय अचानक शिशाचे होतात. भूक लागण्याची वाट न पाहता पाऊण तासापासून थोडं थोडं खात राहावं, तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम मिळतात, आणि केळी तर इंदापूर तालुक्यातच पिकतात. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर हे सगळं खिशात राहतं. रसवंतीवर बिनबर्फाचा एक ग्लास रस उत्तम. निघताना पोहे किंवा उपमा. मिसळ पंढरपूरला पोचल्यावर. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, घामातून गेलेलं मीठ भरून यायला हवं. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेलं ताकही चालतं.

रक्तदाब, मधुमेह, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, छातीत कधी दाटून आलेलं, यातलं काहीही असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब फेरीच्या दिवशीचा डोस स्वतःच्या मनाने ठरवू नये. मधे साखर घसरली तर घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो, आणि सोबतच्यांना ते नुसतं थकणं वाटतं. त्यांना आधीच सांगून ठेवावं.

बायकांच्या तयारीबद्दल या भागात जवळपास बोललंच जात नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. शाळेत सायकलवर आलेल्या मुली आज चाळिशीच्या आहेत. त्यांचं चालवणं लग्नानंतर थांबलं. त्यांना बहुधा जरा रुंद सीट लागते, हँडल थोडं जवळ लागतं, एवढाच यंत्राचा फरक. बाकी अडचणी रस्त्याच्या आहेत: पहाटे अंधारात एकटीने निघणं, आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह. इंदापूरपर्यंत कुठल्या पेट्रोलपंपावर ते खरोखर उघडं असतं याची यादी चौघींनी मिळून केली तर ती कुठल्याही महागड्या सायकलपेक्षा उपयोगाची. चौघी एकत्र निघाल्या की पहाटेचा प्रश्नही बराच सुटतो.

शेवटचा प्रश्न एकट्या सायकलवाल्याच्या तयारीने सुटत नाही. ऊसतोडीच्या हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रंदिवस धावतात. मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी फळीबाहेर आलेला असतो, वाटेत मोळ्या आणि वाढं सांडतं. त्यावरून पुढचं चाक गेलं की घसरलंच. भरीला कडेच्या पट्ट्यातून उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली. सायकलला मागे लाल लुकलुकता दिवा, पुढे पांढरा, अंगात चमकणारं जाकीट आणि उजाडण्याआधी चारपदरी रस्त्यावर न जाणं, एवढं आपल्या हातात आहे. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावणं कारखान्यांच्या, वाहतूकदारांच्या आणि आरटीओच्या हातात आहे. ते काम गाळपाची मोळी टाकण्याआधी पुरं व्हावं, आणि फक्त मागच्या फळीला नव्हे तर दोन्ही ट्रॉल्यांच्या बाजूंनाही व्हावं. ट्रॅक्टर महामार्ग ओलांडून कारखान्याकडे वळतो तेव्हा समोरून येणाऱ्या सायकलवाल्यापुढे अंधारात आडवी येते ती ट्रॉलीची बाजूच.